बांगडा, कापूर आणि माझं नाक

आमच्या चारकोपच्या सोसायटीने कोविड दक्षता समिती नेमली, तेव्हा तिच्यात एकच सदस्य होता. तो मी! (बाकीच्यांना त्या दिवशी नेमकं ऑनलाइन मीटिंगचं नेटवर्क मिळालं नाही.)

पद मी मनावर घेतलं, कारण जनतेचा उत्साह बघण्यासारखा होता. वाण्याच्या दुकानाबाहेर अंतर ठेवण्यासाठी गोल आखले होते. त्या गोलांत पिशव्या अगदी शिस्तीत उभ्या, आणि पिशव्यांचे मालक झाडाच्या सावलीत एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गप्पा मारताहेत! ‘मास्कशिवाय प्रवेश नाही’ या पाटीखाली खुद्द वाणी मास्क हनुवटीला लावून बसायचा. आमच्या समोरच्या फ्लॅटमधले तावडे तर बोलायला मास्क खाली करत आणि शिंकायला पूर्ण काढत.

“तावडे, मास्क!” मी शिटी वाजवून ओरडायचो.

“अरे यार सावंत, मोकळ्या हवेत काय होतंय?”

“नियम म्हणजे नियम!”

माझ्या स्वतःच्या मास्कमध्ये कापूर, ओवा आणि निलगिरीच्या तेलाचा बोळा असायचा. (हा उपाय व्हॉट्सॲपवर आला होता, म्हणजे शास्त्रीयच!) विषाणू आत शिरलाच असता, तर गुदमरून मेला असता. मीही थोडक्यात वाचत होतो.

त्यातच मालवणहून आलेल्या सासूबाई लॉकडाऊनमध्ये आमच्याकडेच अडकल्या होत्या. कित्येक महिने घरात मासा नाही. त्या अक्षरशः खंगल्या होत्या आणि खरं सांगायचं तर मीही. म्हणून मासळीबाजार उघडल्याचं कळताच सासूबाईंनी तिखल्यासाठी, म्हणजे बांगड्याच्या झणझणीत कालवणासाठी, तिरफळं काढून ठेवली आणि पिशवी उचलली.

“जावयबापू, मी जातंय. बांगडो वास घेवनच घेवचो लागता.”

“आई, तुम्ही ज्येष्ठ नागरिक! घराबाहेर पाऊल नाही. मी आणतो.”

बाजारात कोळीण म्हणाली, “ये दादा, मास्क खाली कर, वास घे. कल्ला उघडून बघ, लाल हाय का नाय!”

“मी मास्क काढणार नाही आणि माशाला हातही लावणार नाही.”

“मंग घेणार कसा?”

“लांबून!”

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. असं गिऱ्हाईक तिला जन्मात भेटलं नसावं. मग समोरचे बांगडे तिने तसेच ठेवले आणि टोपलीच्या तळाशी हात घालून माझ्यासाठी खास वेगळे काढले. मला तर भरून आलं. माझ्या शिस्तीची कदर करणारं कुणीतरी होतं!

घरी बायकोने, म्हणजे सुनंदाने, पिशवी उघडली आणि नाकाला पदर लावून ती मागे सरली.

“अहो, हे काय आणलंत? केवढा वास मारतोय!”

मी मास्क काढून लांब श्वास घेतला. “कुठाय वास? मला तर काहीच येत नाही!”

सुनंदाने नाकावरचा पदर सोडला.

“काहीच वास येत नाही?” सुनंदाने हळूच विचारलं.

“छे! अगदी ताजे आहेत!”

सासूबाईंनी एक बांगडा उचलून थेट माझ्या नाकाशी धरला. “आता?”

“अजिबात नाही.”

“देवा महाराजा!” सासूबाईंच्या हातातून बांगडा पडला. “ह्येंका लागण झाली गो!”

“अगं, तो कापराचा बोळा...” मी सांगायला तोंड उघडलं, पण तोवर सुनंदाने मला काठीने बेडरूममध्ये ढकलून बाहेरून कडी लावली होती. दारापलीकडे तिचा रडण्याचा आवाज आला आणि मीही मनातून टरकलो. खरोखरच लागण झाली असेल तर?

बातमी इमारतभर पसरली. खिडकीतून बघतो तर वाण्याकडच्या गोलांत चक्क माणसं उभी! वाण्याचा मास्क नाकावर! तावडे दोन मास्क, गॉगल आणि हातमोजे घालून आमच्या दाराच्या पायपुसण्यावर फवारा मारत होते, असं सुनंदाने कडीआडून सांगितलं. माझ्या शिटीला जे महिनोन्‌महिने जमलं नाही, ते माझ्या नाकाने एका दुपारी करून दाखवलं.

तावड्यांनीच फोनाफोनी करून टेस्टवाल्याला आणलं. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळणार होता. रात्रभर मी मास्क न लावता झोपलो आणि दुपारी जागा झालो, तो एका वासाने. तिरफळं! कोकम! बांगड्याचं तिखलं! सासूबाई सकाळीच बाजारात जाऊन, वास घेऊन, ताजे बांगडे घेऊन आल्या होत्या.

“वास आला! सुनंदा, मला वास आला!” मी दार बडवलं.

“खरंच?” ती बाहेरून हसत होती की रडत होती, कळेना.

“अगं खरंच! दार उघड आणि पान वाढ!”

“बरां झालां, देवान ऐकल्यान,” सासूबाई म्हणाल्या. “पण रिपोर्ट येयसर दार उघडूचा नाय. नियम म्हणजे नियम!”

आणि दार इंचभर उघडून पेजेचा वाडगा आत सरकला.

संध्याकाळी रिपोर्ट आला. मला काहीही झालेलं नव्हतं. कडी निघताच मी धावत बाहेर आलो, तर सासूबाई तिखल्याची शेवटची वाटी दारात उभ्या असलेल्या तावड्यांच्या हातात देत होत्या. (माझ्यासाठी धावपळ केली ना त्यांनी!) तावड्यांनी दोन्ही मास्क हनुवटीवर ओढले, वाटीचा वास घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “झकास!”

मी शिटी वाजवली नाही. दक्षता समितीने तिथल्या तिथे राजीनामा दिला. एकमताने!