सासऱ्यांची अर्धी दाढी

आमचे सलूनवाले मामा रडक्या पोराला शाळेतल्या बाईंचं नाव विचारतात आणि ते सांगेपर्यंत केस कापून मोकळे होतात. चाळीस वर्षं हेच.

लघवीतून रक्त गेलं आणि मूत्राशयात कॅमेऱ्याची नळी घालून बघायचं ठरलं, तेव्हा मात्र मामांनी गाठीच्या धास्तीनं हाय खाल्ली.

नर्सनं बधिर करणारं जेल लावून विचारलं, "मामा, पहिली दाढी कुणाची केलीत?"

"सासऱ्यांची! हात नुसता लटपटत होता..." मामा रंगले. मध्ये जरा चुरचुरलं, लघवीला लागल्यासारखं वाटलं.

"झालं, उठा," डॉक्टर म्हणाले. "गाठबिठ नाही, थोडी सूज आहे. दोन दिवस जळजळेल, पाणी भरपूर प्या."

मामा नर्सकडे बघतच राहिले. "पोरी, माझाच डाव माझ्यावर? मग आता बस. सासऱ्यांची अर्धी दाढी राहिलीय."