उजवं फूल

मी गुरव आहे. मार्गासनीच्या पुढे डोंगराच्या अंगाला आमचं गाव, आणि गावात जननीचं लहानसं देऊळ. देवीला कौल लावायचं काम माझ्याकडे वडिलांकडून आलं. शेंदराने माखलेल्या तांदळ्याच्या, म्हणजे देवीच्या अनघड दगडाच्या, दोन्ही बाजूंना एकेक फूल चिकटवायचं. उजवं आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. विहीर कुठं खणू, हे स्थळ पोरीला देऊ का, असं लोक विचारत आणि मी फुलं लावी. चाळीस वर्षं हे केलं. त्यातली बरीच वर्षं कौल खरा असतो का, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. पोस्टमन पत्रं वाचत बसत नाही, तसंच ते.

माझी नात तनू दीड वर्षाची झाली तरी बसेना. मांडीवर घेतली की एका अंगाला कलंडायची, पाय ताठ करायची. अंगणवाडीच्या ताई दोनदा घरी येऊन गेल्या. तपासणीचं पथक येणार आहे, तेव्हा मुलीला आणा, अशा लेकरांना जितक्या लवकर व्यायाम सुरू होतील तितकं बरं, असं त्यांनी समजावून सांगितलं. मी मान हलवली आणि पथक यायच्या आदल्या दिवशी सुनेला तनूसकट माहेरी, पालीला धाडून दिलं. मुलगा शिरवळला कंपनीत, आठवड्याने घरी येणारा, त्यामुळे घरात शब्द माझाच चालायचा. देवीला साकडं घातलंय, ती बघून घेईल, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण निराळं होतं. ज्याच्या हातून गावाला देवीचा कौल मिळतो, त्याच्याच घरातलं लेकरू असं, हे कुणाच्या कागदावर चढायला मला नको होतं. मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

पथक गेल्यावर दोघी परत आल्या, आणि असे सहा महिने गेले. सून माझ्याशी कधी वाद घालत नसे. तेव्हाही घातला नाही. एका शुक्रवारी सकाळी ती तनूला कडेवर घेऊन, हातात नारळ धरून देवळात चारचौघांसारखी रांगेत उभी राहिली. तिच्या मागे किकवीची एक अनोळखी बाई होती. सुनेची पाळी आली तशी ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आई, तनूला पुण्याच्या दवाखान्यात न्यायाला तुझा व्हकार हाय का?"

लोकांसमोर मी नाही म्हणू शकत नव्हतो. मग मी जे केलं ते आयुष्यात कधी केलं नव्हतं. उजव्या फुलाचा देठ अंगठ्याने ओल्या शेंदरात पार आत दाबला. डावं नुसतं टेकवलं, कुणी जवळून गेलं तरी पडेल इतकं सैल. पाठ लोकांकडे होती, कुणाला दिसलं नसावं असं मला वाटलं.

आम्ही वाट पाहत बसलो. कुणीतरी आत येताना घंटा वाजवली. डावं फूल हललं, पण जागेवर राहिलं. थोड्या वेळाने उजवं सुटलं आणि खाली पाटावर पडलं. शेंदरात माझ्या अंगठ्याचा ठसा तसाच होता. तेल जास्त झालं असेल, लेप सरकला असेल, हे त्या क्षणी माझ्याही मनात आलं. ज्याला तसं म्हणायचं त्याने म्हणावं, मी भांडणार नाही. मी मात्र घाबरलो होतो, हे खरं आहे.

तेवढ्यात किकवीची बाई पुढे झाली. तिचा मुलगा दोन वर्षं त्याच दवाखान्यात लहान मुलांच्या विभागात जात होता. कुठल्या दाराने आत जायचं, आधी कुठं नाव घालायचं, हे तिने सुनेला तिथेच सांगितलं. "सोमवारी म्या किकवीला यष्टीत बसते," ती म्हणाली. "तुमी नसरापूर फाट्याला हुभं ऱ्हावा. म्या खिडकीतनं हाक मारीन."

सोमवारी मीही गेलो. एसटी आली, खिडकीतून हाक आली. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तनूला भिंतीच्या कोपऱ्यात दोन उशांच्या मध्ये बसवलं, आणि माझी नात पहिल्यांदा न कलंडता बसली. घरी काय काय करायचं ते त्यांनी सुनेकडून करून घेतलं. निघताना म्हणाल्या, सहा महिने आधी आला असतात तर काम सोपं झालं असतं. त्या रागावल्या नव्हत्या. सून माझ्याकडे न बघता तनूला झबलं घालत राहिली.

याला दोन वर्षं झाली. तनू आता बसते, धरून उभी राहते. चालेल की नाही, हे कुणी छातीठोक सांगत नाही. आता देवळात कुणी आजारी लेकरासाठी कौल मागितला तर मी फुलांना हात लावत नाही. आधी जाऊन या म्हणतो, आल्यावर नारळ फोडा. पथकाच्या दिवशी मी स्वतः दोन वाड्यांवर निरोप देऊन येतो.

एक गोष्ट मात्र पोटात राहिली होती. परवा सून ओट्यावर तनूच्या आधाराच्या बुटांचे पट्टे बांधत होती, तेव्हा तिच्यापुढे बसून मी त्या शुक्रवारचं सगळं सांगून टाकलं. तिने पट्टा ओढून घट्ट केला.

"दिसलं व्हतं मला, मामंजी. तुमचा अंगठा."

"मग बोलली का न्हाईस?"

"म्या तुमाला कुठं इचारलं व्हतं?"

तिने तनूला उभं केलं आणि तिचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले. तेवढं वजन अंगावर घेऊन मी किती तरी वेळ हललो नाही.