थेंबही न गळणारा दिवा

नव्या घराच्या हॉलमध्ये कसले दिवे लावायचे, यावरून आमच्यात महिनाभर वादावादी चालली होती. शेवटी इंटिरियरवाल्या बाईंनी मोबाइलवर ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ धाटणीचे दिवे दाखवले. हातानं ठोकलेलं तांबं, ठोका न् ठोका उघडा दिसणारा. मी ओरडलेच, “अहो, हे तर माझे वडील जन्मभर करत आलेत की!”

आबा तांबट. घागरी आणि बंब ठोकण्यात हयात गेली. पुढं स्टीलनं धंदा बुडवला आणि गेल्या वर्षी त्यांनी हातोड्या पोत्यात बांधून माळ्यावर टाकल्या. तेव्हापासून माणूस टीव्हीपुढं नुसता बसून. मला दिवा हवा होता हे खरं, पण त्याहून ते पोतं खाली यायला हवं होतं.

“हातचं काम आता कुणाला पायजे?” आबा खेकसले.

“मला पायजे.” मीही त्यांचीच लेक.

त्या दिव्याच्या फोटोची प्रिंट काढून त्यांच्यापुढं ठेवून आले. दुसऱ्या दिवशी आईचा फोन, “अगं, सकाळपासनं नुसती ठकठक! चहाला हाक मारली तरी उठंनात.”

आठवड्यानं आबा दिवा घेऊन दारात हजर. उलट्या घागरीच्या बुडासारखा घाट, आणि बारीक ठोके देत काय देखणा मठारला होता! ते थेट स्वयंपाकघरात गेले, दिवा उताणा केला, नळाखाली काठोकाठ भरला आणि म्हणाले, “बघ. एक थेंब गळत न्हाय.”

आमचे हे फस्सकन हसले. “आबा, पण वायर कुठून घालायची?”

दिव्याला भोकच नव्हतं! आबांचा चेहरा खर्रकन उतरला. “जावईबापू, भोक पडलेली भांडी लोक माझ्याकडं बुजवायला आणायची. चांगल्या भांड्याला मी भोक पाडू व्हय?”

दिवा काखेत मारून ते तरातरा निघून गेले. मी यांच्यावर असली तापले! पोतं परत माळ्यावर जाणार, या विचारानं मला रडूच फुटलं.

तिसऱ्या दिवशी आबा आपणहून आले. वरच्या बाजूला नीट गोल भोक. “डोळं मिटून पाडलं,” एवढंच म्हणाले. वायरमननं दिवा टांगला, बटण दाबलं आणि हॉलभर तांबूस उजेड पसरला.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे गृहस्थ डोकावले. “पावणं, असला दिवा कुठं मिळतो?”

आबा ताठ बसले. “मिळत न्हाय, करावा लागतो. देतो की करून. पण आधी पाणी भरून दाखवणार. मगच भोक पाडणार!”