सिस्टरांचा डेक

सगळं आयुष्य ऑपरेशन थिएटरात गेल्यामुळे निवृत्तीनंतरही लोक त्यांना सिस्टरच म्हणत. लग्न केलं नाही. थोरली बहीण, ताई, विधवा होऊन आली आणि दोघी एकत्र राहू लागल्या. गेल्या हिवाळ्यात ताई गेली.

मागच्या दाराबाहेर लाकडी डेक होता, फळ्यांचा उघडा ओटाच. ताई वॉकर धरून यायची आणि दिवसभर तिथेच बसायची. आता त्याचा रंग पापुद्र्यांनी सुटत होता, पायांना चिकटून स्वयंपाकघरापर्यंत येत होता. सिस्टरांनी रंगाऱ्याला बोलावलं.

त्याने नखाने एक पापुद्रा उचलला. "दरवेळी वरून हात मारत गेलात ना? खालचाच रंग लाकूड सोडतोय. आणखी मारला तरी पुढच्या वर्षी हेच. सगळं खरवडून कोरं लाकूड काढावं लागेल. मला महिनाभर तरी सवड नाही."

"मग मी काढते."

"तुम्ही? आणि गुडघे?"

"त्यांनी आयुष्यभर उभ्याने ड्यूटी केली. आता बसायची ड्यूटी."

तो हसला आणि नंतर त्याने मुलाच्या हातून घासायचं मशीन पाठवून दिलं.

सिस्टर रोज सकाळी नाकाला फडकं बांधून कामाला लागत. आधी पत्र्याने खरवडायचं, मग मशीन, मग कोपऱ्यांत हाताने पॉलिश पेपर. फळीमागून फळी, जराही कुचराई नाही. दुपारपर्यंत केसांत, भुवयांत, चहाच्या कपातसुद्धा भुसा. दिवसभरात कुणाशी शब्द बोलायची वेळ येत नसे. एकदा फोन वाजला तेव्हा स्वतःचाच आवाज घोगरा वाटला. तोही राँग नंबर निघाला.

दारालगतच्या फळ्या झाल्या आणि सिस्टर पाणी प्यायला उठल्या. परत आल्यावर लक्षात आलं. ताईच्या वॉकरचे पाय रोज एकाच जागी टेकायचे, तिथे चार लहान खळगे पडले होते. आता तिथे गुळगुळीत, फिकट लाकूड होतं. सिस्टरांनी बोटं फिरवून पाहिली. मग पुन्हा पाहिली. पायरीवर बसल्या आणि ताई गेल्यापासून पहिल्यांदाच हुंदके देऊन रडल्या.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या फळ्या घासल्या. लाकूड धुऊन चांगलं वाळू दिलं आणि मुरणारा रंग पातळ हाताने लावला. जास्तीचा लगेच फडक्याने पुसून काढला.

कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, "किती छान झालाय हो! कोणी केला?"

"मीच."

"येऊन बघू?"

"अजून ओला आहे. परवा या."

ती खरंच आली. सिस्टरांनी दोन खुर्च्या मांडल्या, चहा केला. शेजारीण ताईबद्दलच बोलत राहिली. ताई कशा हसायच्या, कुंपणावरून काय काय सांगायच्या. यातलं बरंचसं सिस्टरांना ठाऊकच नव्हतं.

"तुमच्याशी बोलायचं कधीचं मनात होतं," उठता उठता ती म्हणाली, "पण ताई म्हणायच्या, तिला बोलायला आवडत नाही. म्हटलं, कशाला उगीच त्रास द्या!"

सिस्टरांनी रिकामे कप उचलले आणि पुन्हा खाली ठेवले.

"आवडतं की," त्या म्हणाल्या. पण तोवर शेजारीण पायऱ्या उतरून कुंपणापाशी पोचली होती. तिला ऐकू आलं की नाही, कळलं नाही. तिने फक्त हात हलवला. सिस्टरांनीही हलवला.