पालथं पडून ऐकलेली फायनल

तोकुजी हानावा पाणीखात्यातून निवृत्त झाले त्याला सात वर्षं झाली होती. वर्षाचे अकरा महिने हा माणूस कुणाच्या अध्यात नसे की मध्यात नसे. जुलै लागला की मात्र त्यांच्या अंगात यायचं. जुलैत जिल्ह्यातल्या शाळांची बेसबॉल स्पर्धा. जी शाळा जिंकेल ती ऑगस्टात कोशिएनच्या मैदानावर देशभरातल्या शाळांशी खेळायला जाणार. तोकुजी न्याहारी उरकून टीव्हीसमोर बसत. शेजारी गार बार्लीचा चहा, मांडीवर वही. एकेका चेंडूची नोंद वहीत पडे. त्यांची स्वतःची शाळा, उरानो, पन्नास वर्षांत फायनलला पोचली नव्हती. तोकुजी त्या संघात तीन वर्षं होते, आणि तिन्ही वर्षं बाकावर बसून होते.

त्यांच्या पत्नी फुमिएबाई गावातल्या निम्म्या लोकांचे उन्हाळी किमोनो शिवत. मॅच सुरू झाली की त्या पुढच्या खोलीचं दार ओढून घेत. या खेळाबद्दल त्यांचं मत एवढंच होतं की पोरं कपडे फार मळवतात.

त्या वर्षी उरानोनं पहिल्या तीन मॅच जिंकल्या आणि नेमकं त्याच आठवड्यात, परसातल्या कारल्याच्या वेलाला पाणी घालताना, तोकुजींच्या उजव्या डोळ्यावर काळा पडदा उतरला. डोळ्याच्या आतला पडदा फाटला होता. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी ऑपरेशन केलं, डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडला आणि बजावलं, की हा बुडबुडा पडदा दाबून धरेल, पण त्यासाठी दहा दिवस तोंड खाली करून राहायचं. जेवताना खाली, झोपताना खाली. टीव्ही विसरा.

चौथ्या दिवशी ते घरी आले. फुमिएबाईंनी मध्ये भोक असलेली उशी शिवून ठेवली होती. त्या भोकातून तोकुजींना वीतभर चटई तेवढी दिसे.

टीव्ही ऐकता येत होताच, पण टीव्हीवरचा माणूस धरून चालतो की तुम्हाला दिसतंय. तो खेळाडूंच्या आजोबांच्या गोष्टी सांगत बसे, मध्येच गर्दी ओरडे, आणि तोकुजी चटईला विचारत, काय झालं? जुना मित्र ओगाता सांगायला म्हणून येऊन बसला. पण मॅच रंगात आली की तो श्वास रोखून गप्प होई आणि सगळं संपल्यावर म्हणे, "अरे, काय होतं ते." दुसऱ्या डावानंतर तोकुजींनी त्याला घरी पाठवलं.

मग त्यांनी दाराकडे तोंड न वळवताच हाक मारली. फुमिएबाई शिवण घेऊन येऊन बसल्या. आपल्याला यातलं काही कळत नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं.

"कळू नको देऊस," तोकुजी म्हणाले. "दिसेल ते सांग."

त्यांना जे दिसे ते त्या सांगत. चेंडू पट्ट्याच्या चार बोटं वरून गेला. त्या उंच पोराची पँट गुडघ्यात उसवलीय. आणि पलीकडचा चेंडू टाकणारा पोरगा, तो पिचर, काही काही चेंडूंच्या आधी उजवी बाही ओढतो. "कुठल्या चेंडूंच्या आधी?" तोकुजींनी विचारलं. फुमिएबाईंनी दहा मिनिटं बघितलं आणि सांगितलं, जे शेवटी खाली पडतात त्यांच्या आधी. तोकुजी उशीत तोंड घालून हसले. इतक्या वर्षांच्या वह्यांत त्यांनी असं काही टिपलं नव्हतं. त्यानंतर बाही ओढली की बाई आधीच म्हणत, "आता पडेल," आणि चेंडू पडे.

उरानो ती मॅच जिंकली. सेमीफायनलच्या दिवशी फुमिएबाईंनी शिवण आणलीच नाही.

फायनलला घरात टीव्हीखेरीज पंख्याचा आणि परसात किरकिरणाऱ्या किड्यांचा तेवढा आवाज होता. शेवटचा डाव, उरानोकडे तीन धावा, समोरच्यांकडे दोन. समोरचे दोन आउट, त्यांचा एक पोरगा पहिल्या बेसवर. तिन्ही बेसना पाय लावून तो सुरुवातीच्या जागी, म्हणजे घरी, परतला की एक धाव. अजून एक आउट झाला की पन्नास वर्षांचं पारणं फिटणार होतं. तेवढ्यात बॅटचा खणखणीत आवाज आला आणि टीव्ही ओरडू लागला.

फुमिएबाई भराभर सांगत होत्या. चेंडू दोघांच्या मधून कुंपणापर्यंत गेला. पहिल्या बेसवरचा पोरगा पळतोय, दुसरा, तिसरा, आला, घरी आला. बॅट मारणारा दुसऱ्यावर थांबला. टीव्हीवरचा माणूस घसा फोडून सांगत होता की बरोबरी झाली, तीन-तीन.

तोकुजींनी डोळे मिटले.

"अहो," फुमिएबाई म्हणाल्या, "घरी आला ना, त्याचा तिसऱ्यावर पाय पडला नाही."

"काय म्हणालीस?"

"बेसच्या आतून गेला. तीन बोटं आतून."

"नक्की?"

"जन्मभर सुईच्या टोकाकडे बघत आलेय मी. तीन बोटांची फट मला दिसणार नाही?" मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "पण पंच काहीच कसा बोलत नाही?"

"आपल्या पोरांनी विचारल्याशिवाय तो बोलणार नाही. आणि पुढचा चेंडू टाकला की विचारायचीही सोय नाही. कुणी पाहिलंय का बघ."

फुमिएबाई गुडघ्यांवर सरकत टीव्हीला जाऊन भिडल्या. तिसऱ्या बेसवरचा आपला बुटका पोरगा हात वर करून पिचरला बोलावतोय. पिचरची मान खाली आहे. तो पायानं माती सारखी करतोय. टीव्हीवरचा माणूस आपला बरोबरीचीच कौतुकं सांगतोय.

"बघ रे त्याच्याकडे," फुमिएबाई टीव्हीला म्हणाल्या. "बघ. बघितलं. चेंडू त्याच्याकडे टाकला. तो बेसवर पाय देऊन उभा आहे. पंचाला काहीतरी सांगतोय."

तोकुजींनी चटईची कड मुठीत धरली होती.

"पंचानं मूठ वर केली," फुमिएबाई म्हणाल्या.

मग टीव्हीवरचा माणूसही चाचरत सांगू लागला, की आउट, तिसरा बेस चुकला, ती धाव धरायची नाही, उरानो जिंकली. हानावांच्या घरात ही बातमी तोवर शिळी झाली होती. तोकुजींच्या डोळ्यांतून टपटप पाणी उशीच्या भोकातून चटईवर पडत होतं, आणि मान वर न करता ते पुसायचं कसं, तेही कळत नव्हतं.

ओगाता अनवाणीच धावत आला. मागोमाग गल्लीतले पाचसहा जण.

"तोकुजी, जिंकलो की रे आपण. पण कसे जिंकलो? मला काही समजलं नाही."

"मला काय विचारतोस? मी तर चटई बघत होतो," तोकुजी म्हणाले. "वहिनींना विचार."

फुमिएबाई आधी लाजल्या. मग त्यांनी चार उशा खोलीभर मांडल्या, किमोनोचा घोळ एका हातात उचलून धरला आणि तो पोरगा कसा धावला ते दाखवायला निघाल्या. लोक हसत होते, टाळ्या पिटत होते, पुन्हा दाखवा म्हणत होते. तोकुजींना कडेनं फक्त त्यांचे पांढरे मोजे दिसत होते. एकदा गेले, दुसऱ्यांदा गेले. तिसऱ्या फेरीला मात्र त्या कुणाचीही नक्कल न करता धावल्या, आणि चारही उशांवर त्यांचा पाय ठाम पडला.