न उचललेलं पांढरं निशाण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं काहीही लपत नाही, श्रीखंडाचा डबा कुणी संपवला तेसुद्धा! तुम्हाला सांगतोय. मधेच अडखळलो तर अडखळू द्या.

आधी डेक्लनबद्दल सांगतो. मुद्द्याला बगल देतोय, कळतंय मला. पण तो माणूस काय होता ते कळल्याशिवाय मी काय केलं ते कसं कळणार?

मास्टर्सला आलो तेव्हा श्रूजबरीत त्याच्या घरात मला वरची खोली भाड्यानं मिळाली. माणूस आयर्लंडचा, धंदा घरांची छपरं घालायचा, वेड गेलिक फुटबॉलचं. बॉल हातानंही खेळायचा, पायानंही. दोन उंच दांडे, मधे आडवी दांडी. तिच्या वरून, दांड्यांच्या आतून बॉल गेला की एक पॉइंट. आणि पैसा? दमडी नाही! तिकडे गावाकडे म्हणे पोरं त्याच्या सह्या घ्यायची. इथे येऊनही वीस वर्षं खेळला, फुकट. आठवडाभर छपरांवर उन्हात भाजायचं आणि रविवारी विशीतल्या पोरांना मैदानभर पळवायचं — एक्केचाळिसाव्या वर्षी! तो गर्दीतून वर उडून बॉल झेलायचा आणि मी थर्मासचं झाकण हातात धरून तसाच बघत राहायचो, चहा ओतायचंही विसरून. बापरे! देवानं त्याला काही वेगळीच हाडं दिली होती.

एकच गोष्ट त्याला मिळाली नव्हती — इथल्या लीगची फायनल. तीनदा हरला होता.

चौथ्या फायनलला मी होतो. आणि होतो म्हणजे — नुसता बघायला नव्हतो.

या खेळात प्रत्येक दांड्याशी पांढरा कोट घातलेला एक अंपायर असतो. पॉइंट झाला की त्यानं पांढरं निशाण उचलायचं. बाहेर गेला की दोन्ही हात डोक्यावर धरून फुली करायची. माणसं कमी पडली की बघ्यांतला कुणीही धरून आणतात. त्या दिवशी मला धरलं. कोट चढवत असताना समोरच्या टीमचा एकजण हसत म्हणाला, हा तर डेक्लनचा भाडेकरू, झालं मग! सगळे हसले. मीही हसलो. पण ते डोक्यात जाऊन बसलं. आपण परक्या देशात, विद्यार्थी माणूस — उद्या कुणी म्हणालं, घरचा म्हणून निशाण उचललं, तर? नसतं लचांड कशाला?

शेवटची दोन मिनिटं. बरोबरी. डेक्लननं लांबून किक मारली. बॉल माझ्या दांड्याच्या बाजूनं आला, खूप उंच. म्हणजे सांगायचं मी. सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. आणि माझे हात — माझेच ना ते? — डोक्यावर गेले. फुली.

पुढच्याच मिनिटाला समोरच्यांनी पॉइंट केला आणि जिंकले.

मग डेक्लन माझ्याकडे आला. वाटलं, आता खातो मला. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, हा माझ्या घरात राहतो, तरी खरं तेच सांगितलं. त्या दिवसापासून मी प्रामाणिक माणूस म्हणून प्रसिद्ध आहे, बोला!

त्यानंतर तो एकही मॅच खेळला नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. मी कसा विचारणार?

आता तो साठीला आलाय. गुडघे गेलेत, तरी माझ्या मुलीला शनिवारी मैदानावर किक मारायला शिकवतो. ती त्याला डेक्लन काका म्हणते. गेल्या शनिवारी तिनंच विचारलं, काका, तुम्ही खेळणं का सोडलंत? मी तिथेच उभा होतो. तो म्हणाला, शेवटच्या फायनलची ती किक पायातून सुटली तेव्हा मला बरोबर वाटली होती. बरोबर वाटलेली किक बाहेर जायला लागली, म्हणजे पायावर भरवसा ठेवायचे दिवस संपले.

गाडीत मुलगी म्हणाली, "बाबा, ही सेज यू आर द मोस्ट ऑनेस्ट पर्सन ही नोज." मी गाडी चालवत राहिलो.

त्याचा पाय चुकला नव्हता. बॉल दांड्याच्या चांगला हातभर आतून गेला. मी बघत होतो.