रॉकेटचं शेवटचं पान

आमच्या बोरीवलीच्या ग्रुपवर कुणी "एआयने गेम बनवून दिला" असं टाकलं, की झालं! मिल्या, विद्या आणि मी सुरू होतो. आमच्या शाळेच्या दिवसांत गेम हवा तर मासिकात छापलेला प्रोग्रॅम ओळीन् ओळ टाइप करावा लागायचा. त्या एका रॉकेटच्या गेमचे किस्से अजून संपत नाहीत.

कॉम्प्युटर विद्याच्या बोटीवरच्या मामाने ठेवायला दिलेला, तिच्या घरच्या टीव्हीला जोडलेला. बातम्या बुडतात म्हणून तिचे वडील, मालवणचे नाना, जाम खवळलेले. "मामा येयसर टीव्हीर कायतरी दिसूक व्हया, नायतर मशीन त्याच्याच बोटीर परत!" म्हणजे मामा येईपर्यंतचीच मुदत!

मिल्या वाचणार, विद्या टाइप करणार, मी ओळीखाली फूटपट्टी धरणार. मिल्या एकदा सुटला की सुटला! पान संपलं तरी थांबला नाही, खालची शर्टांची जाहिरातही वाचून मोकळा. विद्याने तीही टाइप केली. एरर!

"जाहिरात कळत नाही का रे, गाढवा?"

"अगं, मला वरचं तरी कुठे कळत होतं!"

एकदा अर्ध्याहून जास्त टाइप करून जेवायला उठलो. नानांनी सवयीने भिंतीवरचं बटण बंद केलं. वाट लागली ना! सेव्ह करायची सोयच नव्हती. विद्या हमसून रडली. दुसऱ्या दिवशी तिने बटणावर गणपतीचा स्टिकर चिकटवला. नाना आले, हात पुढे केला, थबकले आणि नमस्कार करून गेले!

मग कळलं, रद्दीतून आणलेल्या त्या मासिकाचं शेवटचं पानच नाही. रद्दीवाला म्हणाला, "चणेवाल्याकडे बघा." आम्ही चणे खाऊन खाऊन पुड्या उलगडल्या. पोटं बिघडली, पान काही मिळालं नाही. शेवटी विद्या म्हणाली, "मरू दे, शेवट मीच लिहिते." आणि लिहिला, यार!

मामा आला. सगळे टीव्हीसमोर बसले. विद्याने कीबोर्डवरचं बटण दाबलं. रॉकेट उडालं! वर, वर, आणखी वर... आणि स्क्रीनबाहेर गेलं ते गेलंच. नुसता काळा पडदा. मामा वायर गुंडाळायला उठला.

नाना वाकून टीव्हीच्या मागे बघून आले. "गो, ता गेला खंय?"

"वर गेलं, नाना," विद्या रडवेली होऊन म्हणाली.

नानांनी मामाच्या हातातली वायर काढून घेतली.

"मग ता परत येयसर मशीन हयच ऱ्हवांदे!"